वंदाचा उखाणा

९ जाने., शुक्र.
अकोल्याहून वाशीम. स्टँडवर वंदा नाही, तिचा दीर रमेश आला होता गाडी घेऊन. वाटेत एकदाच बोलला. "ताई, तुमी संमेलनाले आल्या, चांगलं झालं. पन वयनीले कायले वढता त्याच्यात? दादाचं वर्षश्राद्ध बी नाही झालं."
तोंडाशी आलेलं उत्तर गिळून शेतं बघत बसले.
वंदा नि मी डी.एड.पासूनच्या. तिचा नवरा, दिनकरराव, गेल्या पावसाळ्यात गेले. तेव्हापासून शाळा ते घर, घर ते शाळा. घर एकत्र, रमेशच्या शब्दावर चालणारं. सासूबाई खाटेवर, उठवत नाही त्यांना. कविसंमेलनाला दोघींची नावं मीच पाठवली, पण तिला विचारून. फोनवर हो म्हणाली होती. आज म्हणते, "पाहू."
तुरीच्या सोल्यांची भाजी अशी की बोटं चाटावी. पण जेवताना सगळे आपापल्या ताटात बघून.

१० जाने., शनि.
वंदा आली! राखाडी साडी, पण आली.
उद्घाटन नेहमीसारखंच उशिरा. रमेश पहिल्या रांगेत, मांडवाचा देणगीदार. कवयित्रींचं स्वागत हळदीकुंकू लावून. करंडा धरलेली बाई वंदापुढे आली आणि थबकली, तशीच पुढं सरकली. वंदा म्हणाली, "फूल तरी द्या वं मले." हसून म्हणाली. मला असा राग आला की माझं कुंकू मी तिथंच पुसून टाकलं. कोणी पाहिलं नाही, उपयोग शून्य.
दुपारी नवीनच कळलं. उद्या कविसंमेलनात प्रत्येक कवयित्रीनं कवितेआधी उखाणा घ्यायचा. इथली रीतच आहे म्हणे. सूत्रसंचालक एका शाळेतले सर. गाठलं त्यांना चहाच्या टेबलाशी.
"अहो ताई, लोकं कवितेसाठी थोडीच बसतात? उखाण्यासाठी बसतात."
वंदाचं सांगितलं. बिचाऱ्यांचा कप हातातच राहिला. "अरे बापा! मले माहीतच नोतं. नाही नाही, त्यायले मी थेट कविताच म्हनाले लावतो."
सुटले एकदाची, असं वाटलं. पण मग लक्षात आलं, बाकी साऱ्या जणी उखाणा घेणार, हिनंच नाही. सगळा मांडव समजेल. करंड्याचंच पुन्हा, फक्त माईकवरून. वंदाला काय सांगू?

११ जाने., रवि.
सांगायची वेळच आली नाही. सरांनी सकाळीच फोन करून तिची माफी मागितली. भला माणूस, पण भलेपणानंच घात केला.
वंदा स्वयंपाकघरात. हात पिठात. "मले न इचारता माह्या उखान्याच्या सुटीचा अर्ज तू कायले देल्ला?"
"अगं, तुला त्रास नको म्हणून..."
"त्या बाईनं करंडा वढून घेतला, तू उखाणा वढून घेतला. फरक काय राह्यला वं?"
इतकं लागलं ना. संमेलनाला जाताना रिक्षात दोघी दोन टोकांना.
कविसंमेलन दुपारी. पहिल्या बाईंनी नवऱ्याच्या टकलावर उखाणा घेतला, मांडव हसून लोळला. माझा कसाबसा झाला. कविता काय वाचली आठवत नाही. मग सर म्हणाले, "आता वंदनाताई. थेट कविता." त्या 'थेट'वर कुजबुज उठलीच. वंदानं माईक खाली ओढला.
"सर, माहा उखाना राह्यला."
सर माझ्याकडं बघतात, मी जमिनीकडं.

"कुंकू पुसलं लोकायनं, नाव कसं पुसतीन?
दिनकररावाचं नाव घेते, रुसतीन ते रुसतीन!"

मागं कुठंतरी एका बाईनं टाळी वाजवली, मग बायकांच्या बाजूनं टाळ्याच टाळ्या. रमेश उठला आणि मधल्या वाटेनं चालत बाहेर गेला. वंदानं त्याला जाताना पाहिलं. मग कविता वाचली, सगळी.
घरी रमेश नाही. फोन उचलत नाही. त्याची बायको मुकाट्यानं पोळ्या लाटत होती. वंदा मला म्हणाली, "याच घरात राह्यचं हाये मले." भीती वाटते तिच्यासाठी. मी उद्या निघून जाणार, तिनं कुठं जायचं?

१२ जाने., सोम.
स्टँडवर बसून लिहितेय. बस चुकली.
रमेश सकाळी आला. ओसरीवर बसला, चहाला हात लावला नाही. वंदाशी शब्द नाही. मला म्हणाला, "ताई, तुमी आज जाता ना?" मी म्हटलं जाते, पण ऐकून घ्या आधी... वंदानं माझा हात दाबला. "तू बोलली तर मले बोलता येनार नाही." मी बॅग उचलली.
तेवढ्यात आतून सासूबाईंची हाक. "वंदने, इकडं ये वं."
गेलो. शेजारणीनं सगळं सांगितलेलं दिसत होतं. आता ह्या काय ऐकवणार, कोण जाणे. रमेशही दारात येऊन उभा.
"काल भऱ्या मांडवात दिनूचं नाव घेतलं म्हनतेत तू."
"हो, मामी." सासूला ती मामीच म्हणते.
"साऱ्या गावानं आयकलं. मलेच नाही कोनी आयकवलं." म्हातारीनं खाटेवर जागा केली. "या घरात कोनी त्याचं नावच नाही काढत. म्हन बरं."
वंदानं रमेशकडं पाहिलं. तो हलला नाही, पण नकोही म्हणाला नाही. ती बसली. पहिली ओळ म्हणाली. दुसऱ्या ओळीत नावापाशी अडली, पुढं जाईना.
मी निघाले तेव्हा सासूबाई तिचा हात धरून म्हणत होत्या, "म्हन वं, म्हन." आणि रमेश दारातच होता, ना आत ना बाहेर.