अकरा नंबरचा ओव्हर

प्रिय धाकट्या,

चौथ्या मजल्यावर तुला भेटायचं तर आधी बाहेरच्या वहीत नाव आणि काम लिहावं लागतं. बहिणीचं काम काय लिहू? म्हणून हे पत्र. दोन मजले उतरून तूही येऊ शकला असतास म्हणा, पण साहेब झाल्यापासून तुझी लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबतच नाही.

काल कपाट आवरताना तुझा प्रबंध हाती लागला. आरोग्य व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी, काळा पुठ्ठा, सोनेरी अक्षरं. पहिल्या पानावर 'माझ्या ताईस, जिने मला वॉर्ड दाखवला'. ते वाचून मी तेव्हा ढसाढसा रडले होते रे! त्या अभ्यासाची दोन वर्षं तू माझ्याकडेच राहिलास. मी भाजी चिरायची आणि तुझी उत्तरं पाठ करून घ्यायची. चोवीस वर्षं नर्स म्हणून राबले, पण आपल्याला 'मनुष्यबळ' म्हणतात हे तुझ्या वह्यांतूनच कळलं. किती हसलो होतो आपण त्यावर.

मग तुला प्रकल्पासाठी वॉर्ड हवा होता, तर मेट्रनच्या हातापाया पडून मीच माझा मिळवून दिला. पंधरा दिवस तू स्टुलावर बसून मोबाइलवर आमची मिनिटं मोजलीस. औषधं, इंजेक्शनं, ड्रेसिंग, लिखाण, प्रत्येकाला एक रकाना. ओव्हरला मात्र रकानाच नव्हता. सकाळची नर्स दुपारच्या नर्सला घेऊन खाटेखाटेशी जाते, पेशंटसमोर उभं राहून त्याचं सगळं सांगते, याला आम्ही ओव्हर म्हणतो. त्यात कुणाच्या मुलीचा निकाल येतो, कुणाच्या कवळीची थट्टा येते. हे कशात घालू, म्हणून तू विचारलंस. मी सिरिंज भरत होते, डोक्यावर शंभर कामं. घाल गप्पांमध्ये, म्हणाले. हसत म्हणाले रे! आणि तू ते तसंच लिहून घेतलंस. चोवीस वर्षं राबलेल्या बाईने एका शब्दात स्वतःच्या कामाची माती केली.

तुला सुवर्णपदक मिळालं, मी सगळ्या स्टाफला मिठाई वाटली. वर्षभरात तू इथेच नोकरीला आलास, आणि पहिलं परिपत्रक निघालं ते आमच्या ओव्हरच्या अर्ध्या तासावर. 'अनुत्पादक वेळ'. आता दोनच्या ठोक्याला अंगठा लावून बाहेर. ओव्हर कागदावर. नाडी, ताप, रक्तदाब, लघवी, चौकोनात बरोबरच्या खुणा करा आणि चालू पडा. दोननंतर कुणी रेंगाळली तर तुझ्या ऑफिसला लेखी खुलासा. मला दोन द्यावे लागले, ठाऊक आहे ना? दुसऱ्यावर तुझीच सही होती.

आणि आता भोंग्याचं. दुपारच्या पाळीच्या त्या नर्सला आख्खा वॉर्ड भोंगा म्हणतो, कारण ती हळू बोलली तरी पलीकडच्या वॉर्डातले पेशंट उठून बसतात. परवा तिच्या घरी गेले होते. निलंबनाचं पत्र टीव्हीवर ठेवलंय, आणि बाई इतकं हळू बोलत होती की मला दोनदा विचारावं लागलं. माझं काय चुकलं, एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होती. मी पाणी प्यायले आणि निघून आले.

तुझ्या समितीचा अहवाल मिळाला. अकरा नंबरच्या खाटेवरच्या शिंपीकाकांचा मृत्यू पोटातल्या रक्तस्रावाने, सकाळच्या सर्व नोंदी सामान्य, सबब दुपारच्या परिचारिकेचा निष्काळजीपणा. वर तुझी चिठ्ठी: ताई, सकाळची नर्स म्हणून फक्त खाली सही कर, तुझ्यावर काहीही येणार नाही, बाकी मी बघतो. वा रे माझ्या भावा! किती काळजी!

तर आता ऐक. ऑपरेशननंतरचे तीन दिवस शिंपीकाका रोज सकाळी माझ्या कॉलरला नावं ठेवायचे. कुणी शिवली ही, हात बांधून शिवली का, असं काहीबाही. त्या दिवशी पाळी संपता संपता मी इंजेक्शन द्यायला वाकले, कॉलर त्यांच्या नाकासमोर, आणि ते काही बोलले नाहीत. नुसते छताकडे बघत राहिले. नाडी ठीक, रक्तदाब ठीक. पण मला कळलं होतं, काहीतरी बिनसलंय. ओव्हर असता तर भोंग्याला तिथे उभी करून सांगितलं असतं, यांच्यापासून हलू नकोस, डॉक्टरांना बोलाव. तुझ्या कागदावर त्याला चौकोन नव्हता. घड्याळात दोनला एक मिनिट होतं, तिसरा खुलासा नको होता. मी त्यांच्या कागदावरच्या सगळ्या चौकोनांत खुणा केल्या आणि अंगठा लावला. भोंगा आली तेव्हा टेबलावर बावीस कागद होते. ती अकराव्यापर्यंत पोचली तेव्हा त्यांचं पोट दगडासारखं झालं होतं.

तुझा अहवाल सही न करता सोबत परत पाठवतेय. सोमवारी समितीसमोर येऊन मी हेच सांगणार आहे, चौकोनांसकट, आणि गप्पा हा शब्द कुणाचा तेही. भोंग्याची नोकरी राहील, माझी जाईल, तुझ्या पदकाचं काय होईल ते तू बघ. चिठ्ठीत तू जे लिहिलंस ते प्रेमानेच लिहिलंस, हे कळतं रे मला, म्हणून तर जास्त चीड येते. मी दोननंतर येईन. खुलासा मागू नकोस, सोबत आणतेच आहे. आणि तिथे सगळ्यांसमोर मला ताई म्हणू नकोस, सिस्टर म्हण.

तुझीच, घरी अजूनही
ताई