टिंबामागचे मास्तर

४ मार्च
कामाचा पहिला दिवस, आणि पहिली तक्रार नोंदवणं क्रमप्राप्त आहे: इथलं चहाचं यंत्र पेला अर्धाच भरतं. उरलेल्या अर्ध्यासाठी बहुधा पुनर्जन्म घ्यावा लागतो. बाकी झकास. खिडकीजवळची जागा, हसरी माणसं. पन्नाशीत नवी नोकरी लागल्यामुळे बायकोला मी पुन्हा उपयोगाचा वाटू लागलोय.

माझं काम म्हणजे कोडच्या जुन्या-नव्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या छोट्या स्क्रिप्ट्स, म्हणजे संगणकाला दिलेल्या आज्ञांच्या याद्या, नीट चालत्या ठेवणं. सगळ्यांना लागणारी समाईक कामं एकाच मदतनीस फाइलीत आहेत. ती फाइल स्वतःहून काहीच करत नाही. प्रत्येक स्क्रिप्ट सुरुवातीला एक टिंब देऊन तिला आत बोलावते, आणि मग ती त्या स्क्रिप्टच्या देहातून बोलते. लहानपणी मी शिकलो त्या संस्कृत पाठशाळेत याला परकायाप्रवेश म्हणत. फाइल लिहिणारे गृहस्थ गेल्या वर्षी वारले. सगळे त्यांना मास्तर म्हणतात.

७ मार्च
मास्तर, मास्तर आणि मास्तर! कुणी काम अर्धवट टाकून पुढे निघालं की फाइल अडवते: ‘बाळा, आधी हातातलं आवर.’ यावर अख्खं ऑफिस लाडानं हसतं. मी राबून एक सुधारणा केली, तर आमच्या वरिष्ठ मॅडम म्हणाल्या, मास्तरांना आवडली असती हं. मेलेल्या माणसाला किती आवडावं याला काही सुमार? षड्रिपूंत मत्सर सहावा. माझ्याकडे पहिल्या नंबरानं पास झालाय.

११ मार्च
आज एक क्षुद्र गोष्ट केली. फाइलीच्या माथ्यावरचं मास्तरांचं नाव पुसून माझं घातलं. आतला मजकूर तोच, काडीचाही फरक नाही. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं विचारलं, काका, सगळी नव्यानं लिहिलीत की काय? मी मान डोलावली. वाटतेय मात्र मास्तरांचीच, म्हणाली.

१४ मार्च
हात भलताच चालतोय. बोटं पुढे, विचार मागून. दुपारी त्या मुलीला मी ‘बाळा’ म्हणालो. मी पोटच्या पोरालाही कधी बाळा म्हटलेलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मग हसले. लाडानं.

१५ मार्च
घाईघाईनं मास्तरांचं नाव परत घातलं. स्क्रिप्ट चालवली. पडद्यावर उत्तर आलं: ‘राहू दे बाळा, इथं बरं आहे.’
ही ओळ फाइलीत नाही. पुन्हा पुन्हा शोधली. नाही.

१८ मार्च
जेवताना बायको पोट धरून हसली. कित्येक वर्षांनी. मी विनोद केला होता म्हणे. कोणता, विचारलं तर म्हणाली, पुरे हो, भाव खाऊ नका.
मला एकही शब्द आठवत नाही.
तिला असं मी कधी हसवलं होतं? माझ्या तोंडून आता तो मास्तर हसवतो —

१९ मार्च
मुलाचा फोन. तासभर. बाबा, हल्ली तुम्ही ऐकून घेता, म्हणाला.
कुणी ऐकलं? मी तर तेव्हा नव्हतोच —

२१ मार्च
बायकोला सगळं सांगितलं. हा मी नाही, म्हटलं. तिनं ताटं आवरली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, जे आहे ते असू द्या.

२२ मार्च
सरळच लिहितो, विनोद आता त्याच्याकडे गेलेत. तो आत आहे याची भीती नाही. कदाचित हाकलता येईल. पण मी परत आलो, तर या घरात कुणाला आनंद होणार नाही — हीच खरी भीती —
बायको हाक मारतेय. मी ठरवायच्या आत पाय उठले. हात अजून माझा आहे, तोवर एवढंच, की मला —