महाराणीच्या रक्ताचा आकडा

४ मे
घोळ झाला! दादाच्या गोठ्यातली महाराणी पंधरा दिवसांत व्यायची. रक्तातलं फॉस्फरस कमी असलं तर म्हैस व्याल्यावर लाल मुतते, खंगत जाते. म्हणून आधीच बघून ठेवावं, असं ठरवून मीच सकाळी तिच्या मानेतून रक्त काढलं. उन्हाची धास्ती — डब्यात बर्फ ठेचून भरला आणि नळीला कापड गुंडाळायचं विसरले. आमच्या प्रयोगशाळेत पोचेपर्यंत नळी बर्फाला चिकटलेली, रक्त गोठून फुटलेलं. वरचं पाणी पिवळसर हवं, ते लालभडक. असल्या रक्ताचा आकडा खरा येत नाही. अकरा वर्षं हेच काम करते मी. नवख्या पोरींना हेच शिकवते!

५ मे
दादाला म्हटलं, पुन्हा एकदा सुई टोचू का? खेकसलाच. "धापा टाकतेय ती. या उकाड्यात परत बांधून घालायची? काल नेलंस त्या रक्ताचं काय केलंस?" खरं तोंडाशी आलं होतं. पण वहिनी समोर. ती म्हणालीच असती — मोठ्या आल्या तपासणाऱ्या! गिळलं.

रिपोर्टवर हिवाळ्यातला तिचाच आकडा उतरवला. साडेपाच, म्हणजे उत्तम. म्हैस तीच, गोठा तोच — कितीसा फरक पडणार? खाली माझी सही.

११ मे
उन्हाने जीव नकोसा केलाय. पाठीवर ओली पोती टाकूनही म्हशींच्या जिभा बाहेर. महाराणी निम्मीच वैरण खाते. तो आकडा डोक्यातून जात नाही.

१९ मे
व्याली! रेडी झाली. वारही वेळेवर पडली. दादा हा एवढा घोडा, पण नाचायचाच बाकी राहिला होता. मला म्हणाला, "तुझा रिपोर्ट बघितला तेव्हाच निर्धास्त झालो." मी हसले. स्वतःची लाज वाटली.

२८ मे
महाराणीची लघवी काळ्या कॉफीसारखी. पापणी उलटून पाहिली — आत पांढरंफटक. डॉक्टर आले. पहिलाच प्रश्न, "फॉस्फरस किती होतं?" दादाने माझा रिपोर्ट पुढे केला. "मग ते नाही. गोचिडांचा ताप दिसतोय." त्याचं इंजेक्शन दिलं. मी बादली धरून उभी. दोन वाक्यं बोलायची होती फक्त. मी बादली धुवायला निघून गेले!

२९ मे
उठत नाही. रेडी ओरडते, ही मान वळवत नाही. दादा कालपासून जेवलेला नाही.

दुपारी डॉक्टरांना फाटकाशी गाठलं आणि सगळं सांगितलं. म्हणाले, "ताई, काल बोलला असतात तर!" लगेच फॉस्फरस शिरेतून लावलं. गोठ्यातल्या एका भाकड म्हशीचं रक्त काढून हिला चढवलं. निघताना म्हणाले, "भावाला मी काही बोलणार नाही. ते तुमचं तुम्ही बघा."

३० मे
गेली. सकाळी आठला.

३१ मे
वहिनीने पाठीवरून हात फिरवला. "तुम्ही तरी किती करणार, वन्सं!" टोमणा मारला असता तर सोसला असता. हे नाही सोसवत.

रेडीला बाटलीने दूध पाजलं. ढुशा मारून मारून प्यायली. मी तिच्या अंगावर डोकं टेकून रडले.

१ जून
सांगायचंच, असं ठरवून गोठ्यात गेले. माझ्याआधी दादाच बोलला. "तिचं एवढं चांगलं आलं होतं ना, म्हणून बाकीच्यांचीही वैरणीतली क्षाराची पावडर, ती फॉस्फरसवाली, बंद केली मी. महिना होत आला. उकाड्यात तोंडच लावत नव्हत्या."

मागे चौघी उभ्या. चौघीही गाभण, कास उतरलेल्या.

सांगितलं. सगळं. त्याने माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या चौघींकडे पाहत राहिला. पहिली परवा व्यायची आहे.