हातांची आठवण

चि. स्टेलान यास,

उमेओहून थोरल्या बहिणीचे भरभरून आशीर्वाद. तुझा गुडघा कसा आहे? (दुखत असेलच. माल्मोत बसून नुसता खुर्ची उबवतोस.) आई खाऊनपिऊन बरी आहे. गेल्या खेपेला तिने तुला नळ दुरुस्त करणारा समजून सरळ मोरीकडे नेलं, तेव्हापासून तू इकडे फिरकला नाहीस. माझी काही तक्रार नाही. नुसतं लिहिते आहे.

मलाही हल्ली विसरायला होतं, म्हणून वाचनालयातल्या स्मरणशक्तीच्या वर्गाला जाऊ लागले. तिथल्या बाई म्हणतात, नुसतं वाचलेलं उडून जातं, हातांनी करून पाहिलेलं टिकतं. मी लगेच घरी सराव सुरू केला. आपल्या इमारतीच्या समाईक धुणेघराची पाळी धरायची तर तिथल्या फळ्यावर त्या वेळेपुढे आपलं छोटं कुलूप अडकवावं लागतं, ठाऊक आहे ना? ते अडकवायचा सराव मी स्वयंपाकघरातच केला, हवेत, अगदी चावी फिरवण्यासकट. तो इतका पक्का बसला की कुलूप खरंच लावल्याचं मला स्वच्छ आठवू लागलं. गुरुवारी मी ऐटीत खाली गेले आणि खालच्या मजल्यावरच्या बर्गक्विस्टबाईंच्या पाळीत त्यांच्याच ओल्या चादरी बाहेर काढून माझे पडदे धुतले. (इथे माणूस एक वेळ चोरी करील, पण दुसऱ्याच्या पाळीत धुणार नाही.) दारावर सर्वांसाठी एक सभ्य चिठ्ठी लागली, आणि लिफ्टमध्ये बर्गक्विस्टबाई माझ्याऐवजी मजल्यांच्या आकड्यांकडे बघू लागल्या.

शेवटी दालचिनीचे बन घेऊन माफी मागायला गेले. त्यांनी कॉफी ओतली आणि हळूच म्हणाल्या, "मला वाटलं, तुमचंही आईसारखं व्हायला लागलं." मी हसले खरी. पण भीती वाटते रे मला.

सांभाळून राहा. लोकरी मोजे घालत जा.

तुझी,
गुनवोर

ता. क. काल आईच्या हातात लोकरीचं टोक दिलं आणि लड माझ्या दोन्ही हातांवर चढवली. तुझा फोटो दाखवला की ती नकारार्थी मान हलवते, पण गुंडा गुंडाळता गुंडाळता आपणहून म्हणाली, "तुझे हात बरे स्थिर आहेत. तो मेला स्टेलान सारखे खाली सोडतो."

ता. क. २. पुढच्या शनिवारी ये. 'मला ओळखलंस का' असं विचारू नकोस. तिच्यासमोर बस, लड धर आणि मुद्दाम हात खाली सोड. शिव्या पडल्या की समज, ओळखलं.