कोटाचा डावा खांदा

६ मार्च

आईने आज मापांची वही मागितली! दोन महिने अंथरुणावर, उजवा हात लुळा, बोलणं निम्मं घशातच अडकतं — आणि हवं काय, तर वही. चारही वह्या नेऊन दिल्या. तिने सर्वांत जुनी ओढून घेतली. डाव्या हाताने पानं उलटत गेली आणि एका पानावर बोट ठेवलं.

"हिचं माप... जुनं झालं. नवं घेऊन ये."

मी म्हटलं, "कोणाचं गं?"

कोणाचं ते मला माहीत होतं. तेहेतीस वर्षं माहीत आहे.

७ मार्च

कामात लक्ष नाही. एका गिऱ्हाइकाच्या पँटचा एक पाय तीन बोटं जास्त कापला. आता तो माणूस जन्मभर बसून राहिला तरच ती पँट बरी दिसेल. नवं कापड आणून देते म्हटलं.

आईच्या वहीत नावं नसतात, खुणा असतात. 'पोट पुढे.' 'हात लांब.' 'बोलघेवडी, माप घेताना हलते.' नाव काय, लग्नाने बदलतं, हाडं बदलत नाहीत, म्हणायची. त्या पानावरची खूण — 'डावा खांदा उतरता, पाऊण इंच.' खाली तेरा ओळी, वर्षाला एक. उंची, छाती, बाही. तिसऱ्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत एक मुलगी वाढत गेलेली दिसते. मग पान कोरं.

तो उतरता खांदा आईला आहे. मला आहे. माझ्या लेकीलाही आहे. आम्हा तिघींच्या प्रत्येक कपड्यात डावीकडे पॅड लागतं.

८ मार्च

आईने परत विचारलं. "गेलीस?"

"जाते गं, दुकानात गर्दी आहे." दुकानात चिटपाखरू नव्हतं. पडद्याआडच्या खोलीतून तिला सगळं ऐकू येतं. पण दुसरं काय बोलायचं ते मला तरी कुठे कळतंय!

९ मार्च

डॉक्टर येऊन गेले. बाहेर येऊन हळू आवाजात म्हणाले, "जे काही राहिलं असेल ते या महिन्यात करून घ्या."

आता लिहूनच टाकते. निदान कागदाला तरी सांगते.

मी तेरा वर्षांची होते. आई वर्षातून एकदा एक फ्रॉक शिवायची — उत्तम कापड, सगळी शिलाई हातची, आत भरपूर माया सोडलेली, म्हणजे मुलगी वाढली की उसवून मोठा करता यावा. मग टेप पर्समध्ये टाकून "गिऱ्हाइकाकडे जाऊन येते" म्हणायची आणि संध्याकाळी यायची ती डोळे सुजवून. माझे फ्रॉक उरलेल्या तुकड्यांचे. एकाला तर दोन बाह्या दोन रंगांच्या होत्या! वर्गातल्या मुली हसल्या होत्या. त्या न बघितलेल्या मुलीचा मला इतका राग यायचा की बस.

आई बटणं आणायला गेली होती तेव्हा ती आली. पंधरा-सोळाची. हातात मागच्या वर्षीचा फ्रॉक. म्हणाली, "हा शिवणाऱ्या बाई इथेच असतात ना? मला घरी सांगितलं सगळं. त्या माझी आई आहेत."

मी तिच्या तोंडाकडे बघितलंच नाही. खांद्याकडे बघितलं. शिंप्याच्या पोरीला तेवढं पुरतं. डावा — पाऊण इंच.

मी म्हटलं, "त्या बाई दुकान सोडून गेल्या. आता आम्ही चालवतो."

तिने विश्वास ठेवला. इतक्या सहज! एका चिठ्ठीवर पत्ता लिहून दिला. "आम्ही पुढच्या आठवड्यात घर बदलतोय. कधी आल्या तर एवढं द्याल?" मला, तेरा वर्षांच्या पोरीला, 'द्याल' म्हणाली. माझ्यापेक्षा मोठी असून.

पुढच्या वर्षी आई फ्रॉक घेऊन गेली आणि तो तसाच घेऊन परत आली. जुन्या घराला कुलूप होतं. बाबांना तिने लग्नाआधीच्या त्या लेकीचं कधी काही सांगितलं नव्हतं, त्यामुळे रडायचीही सोय नाही. मशीनवर बसली आणि रिकामंच चालवत राहिली, कापडाशिवाय. मी बाजूला बसून गृहपाठ करत होते.

१० मार्च

चिठ्ठीचं काल लिहिलं नाही. लिहवेना.

फाडायची हिंमत नव्हती, द्यायचीही नव्हती. आईचा राखाडी कोट तेव्हा खुंटीला होता. त्याच्या डाव्या खांद्याचं अस्तर उसवलं, चिठ्ठी पॅडमध्ये घातली, पांढऱ्या दोऱ्याने शिवून टाकलं. वेडेवाकडे टाके. का तिथेच, मला सांगता येणार नाही. तेहेतीस हिवाळे आई तो कोट घालून हिंडली. तिच्या लेकीचा पत्ता तिच्याच खांद्यावर, आणि मी शेजारून चालतेय!

दोनदा तिने त्या कोटाचं अस्तर बदललं. दोन्ही वेळा माझा जीव टांगणीला. खांद्यापर्यंत गेलीच नाही बहुतेक. काही बोलली नाही.

१२ मार्च

लेकीने आज आईचा तोच कोट कपाटातून काढला. आम्ही तिला टाचणी म्हणतो — बारीक आहे आणि टोचते. जुन्या कोटांची म्हणे आता फॅशन आहे. आरशासमोर गिरक्या घेऊन झाल्या आणि म्हणाली, "आई, हे पॅड काढून टाकते हं. अगदी पोलिसासारखी दिसतेय." कात्री हातात!

मी ओरडले. काय ओरडले देव जाणे. चोराच्या मनात चांदणं ते असं. पोरगी पांढरीफटक. पडद्याआडून आईचा आवाज — "ओरडू... नकोस तिला."

१३ मार्च

टाचणीला सगळं सांगितलं. इस्त्री करता करता, तिच्याकडे न बघता. वाटलं होतं पोर म्हणेल, लहान होतीस गं तू. तसं म्हणेल म्हणूनच सांगितलं असेन मी, खरं तर.

तसं नाही म्हणाली. म्हणाली, "तेरा वर्षांची होतीस तेव्हाचं सोड. वीस वर्षांची झालीस तेव्हा का नाही दिलीस? मी झाले तेव्हा?"

शर्ट जळला.

टाचणीला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हाच ती चिठ्ठी काढायला हवी होती मी. पण जितकी वर्षं जास्त, तितकं तोंड उघडणं अवघड. आधी एक चिठ्ठी लपवली एवढंच होतं, मग दहा वर्षं लपवली, मग वीस. आई नसेल तेव्हा प्रश्नच मिटेल, असंही एकदा मनात आलं होतं. तेही लिहून ठेवते. इथे तरी खोटं नको.

१४ मार्च

दुकान बंद ठेवलं. कोट टेबलावर घेतला, टाचणी समोर. अस्तर उसवलं, पॅड बाहेर काढलं.

दोरा पांढरा नव्हता.

राखाडी होता. कोटाच्या रंगाशी जुळवून घेतलेला. टाके इतके बारीक की टाचणीने जवळ जाऊन बघितले. असे टाके या घरात एकच हात घालतो, आणि तो हात आता उचलत नाही.

चिठ्ठी आत होती. घड्यांवर झिजून कापडासारखी मऊ झालेली. मी तिची एकदाच घडी घातली होती.

टाचणी म्हणाली, "आज्जीला माहीत होतं?" मी खाली बसले.

१५ मार्च

चिठ्ठी आईच्या डाव्या हातात ठेवली. तिने उघडली नाही.

"पाठ आहे," म्हणाली.

"मग गेली का नाहीस?"

ती अडखळत म्हणाली, "तुला चोरून गेले असते... तर तूही माझ्यापासून तुटली असतीस. तू देशील म्हणून थांबले."