कश्यपगोत्री लावे

१२ जानेवारी २०२५, रविवार
आजपासून ही वही. डायरी नव्हे, रेकॉर्ड. पेंटच्या कंपनीत एकतीस वर्षं शेड मॅचिंग केलं. ज्या बॅचचं रेकॉर्ड नाही ती बॅच झालीच नाही, असं मी ज्युनियर लोकांना सांगत असे.
उल्हासनगर कॅम्प पाचमधून एक नर आणि सहा लाव्या आणल्या. दुकानदार त्यांना बटेर म्हणतो. नर पांढरा, पाठीवर काळा कोट चढवल्यासारखा. याच्या आईची आणि सगळ्या बहिणींची अंडी निळी, अशी गॅरंटी. मोबाइलवर फोटो दाखवला. आकाशी, किंचित हिरवट झाक, वर तपकिरी शिंतोडे. मी विचारलं, नक्की ना? तो म्हणाला, साईं, फोटो भी आपको दिया, पक्षी भी दिया, अब भरोसा भी मैं ही दूँ क्या.
ध्येय: सोनेरी पिसांची आणि निळी अंडी घालणारी लावी. बदलापुरात अजून कोणी केलेली नाही.
पिंजरे तूर्त मागच्या खोलीत. ती खोली सासूबाईंसाठी आहे. त्या कॅम्प पाचमध्ये तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. लिफ्ट नाही, गुडघे गेलेत, दिवाळीपासून खाली उतरलेल्या नाहीत. आपलं बदलापुरातलं बेलवलीचं घर तळमजल्यावर, म्हणून पाडव्याला त्यांना इकडे आणायचं ठरलं आहे. मालिनीने विचारलं, अहो, पाडव्यापर्यंत रिकामी होईल ना? म्हणालो, आठ दिवस आधीच.

२० जानेवारी
जोड्या लावण्याची पद्धत ठरवली. लोक इथेच चुकतात. एका खुराड्यात सगळे कोंबतात आणि मग नशिबाला दोष देतात. मी ज्ञातीच्या वधू-वर मंडळाचा सतरा वर्षं कार्यवाह होतो. तोच फॉर्म थोडा बदलून घेतला. रंग, वजन, स्वभाव, गोत्र. प्रत्येक गोत्राला वेगळ्या रंगाची पायात रिंग. नर कश्यप, लाल रिंग. लाव्या बाहेरच्या, त्यामुळे वसिष्ठ, पिवळी.
मालिनी बँकेतून आठला आली. पर्स खांद्यावर तशीच ठेवून तिने फॉर्म वाचला. म्हणाली, अपेक्षा या रकान्यात काय लिहिणार? तो रकाना मोकळा सोडला आहे.

३१ जानेवारी, शुक्रवार
शुक्रवार, म्हणजे लाइट दहा ते चार नाही. एकतीस अंडी थर्मोकोलच्या पेटीत बल्बखाली, सातवा दिवस. मालिनीने आईच्या गुडघ्यांसाठी आणलेली गरम पाण्याची पिशवी कामाला आली. दर पाऊण तासाने पाणी बदललं. तापमान साडेसदतीसच्या खाली जाऊ दिलं नाही.
संध्याकाळी मालिनीने पिशवी शोधली. उद्या आईकडे न्यायची होती. म्हणालो, दहा दिवस थांब. म्हणाली, कोणी थांबायचं, मी की आई?
मालिनी थकली की असं बोलते. बँकेत क्लोजिंग असणार.

११ फेब्रुवारी
सकाळी ६.१० पर्यंत एकोणीस पिल्लं. प्रत्येक अंगठ्याएवढं. एक दुपारी गेलं, अठरा. सर्वांना लाल रिंगा, कारण वडील कश्यप.
पाठ धरली. ट्रे मालिनीने साफ केले. काम नीट करते, पण वेग नाही.

२ मार्च
नर पहाटे चार दहाला ओरडतो. आवाज लहान पण टोकदार. मालिनी उठून स्वयंपाकघरात बसते. दोन डबे भरते, एक बँकेचा, एक आईचा. आईचा डबा ती संध्याकाळी कॅम्प पाचला उतरून देते आणि मग घरी येते. नऊ वाजतात.
तिला सुचवलं, आईला टिफिन लाव. म्हणाली, लावला होता. तो माणूस तिसऱ्या मजल्यावर चढत नाही, खालून हाक मारतो.
टिफिनवाल्यांमध्ये शिस्त राहिलेली नाही.

३० मार्च, पाडवा
ऐतिहासिक दिवस. मुलींपैकी एकीने पहिलं अंडं घातलं. तपकिरी, काळे ठिपके. निळं नाही. एका सँपलवरून निष्कर्ष काढू नये.
खोली आज रिकामी करणं शक्य नव्हतं, ऐन वेळी प्रयोग मोडता येत नाही. मालिनीला नीट समजावलं. नवी तारीख अक्षय्यतृतीया, यात बदल नाही.  ती श्रीखंडाचा डबा घेऊन कॅम्प पाचला गेली. गुढी मीच उतरवली.

२ एप्रिल
नऊ अंडी, सगळी तपकिरी. ऋताला फोन केला. लेक पुण्यात बियाण्यांच्या कंपनीत लॅबमध्ये आहे. म्हणाली, बाबा, निळा रंग पोरांमध्ये लपून बसलाय. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून आला तरच दिसतो. म्हणून या भावा-बहिणींनाच एकत्र सोडायचं. नाहीतर मुली पुन्हा त्या नराकडेच ठेवायच्या. मग पुढच्या पिढीत येईल निळं.
सख्खे भाऊ-बहीण. बाप-लेक. हे माझ्या मुलीने मला फोनवर सांगावं. म्हणालो, आपल्या घरात असलं चालत नाही. ती म्हणाली, बाबा, पक्षी आहेत ते. मी म्हणालो, घर आपलं आहे ना.
ऋता म्हणाली, आजीच्या खोलीचं कुठवर आलं? रेंज गेल्याचं सांगून फोन ठेवला. रेंज खरोखर कमी होती.

६ एप्रिल
मोठा निर्णय. मुली वयात आल्या आहेत, आणि बाप त्याच खोलीत. योग्य दिसत नाही. शिवाय अठराही भावंडं कश्यप, आपसात एकही स्थळ जमत नाही. अंबरनाथहून सोनेरी पिसांचे तीन नर आणले. परके, भारद्वाज, हिरव्या रिंगा. सहा निवडक मुली त्यांना दिल्या. छत्तीस गुण म्हणणार नाही, पण सत्तावीस-अठ्ठावीस सहज.
उरलेली बारा भावंडं आणि म्हातारा नर कुळगावच्या हरिचंद्रला देऊन टाकले. हा कंपनीत माझ्या हाताखाली मिक्सिंगला होता, आता शेती बघतो. बजावलं की नर एकीकडे, माद्या एकीकडे. तो म्हणाला, साहेब, येकच खुरारा हाय. आन ह्यातला भाव कोन न बहीन कोन, मी कसा वलखू? म्हणालो, सगळेच. तो हसला. अशा माणसांना शास्त्र समजावणं कठीण.
मालिनीला सांगितलं, खोली अर्धी रिकामी केली. तिने टेप आणून मोजली. अर्धी म्हणजे दारामागची अर्धी. तिथे खाट ठेवली तर दार उघडत नाही.

३० एप्रिल, अक्षय्यतृतीया
भारद्वाज जोड्यांची अंडी पेटीत आहेत, पाच-सहा दिवसांत पिल्लं येतील. म्हणजे तारीख पुढे गेली नाही, फक्त सरकली.
मध्यम मार्ग सुचवला. सासूबाईंनी आत्ताच यावं, पिंजरे भिंतीकडे सरकवू. सोबतही होईल. मालिनीने फोन स्पीकरवर टाकला आणि म्हणाली, तुम्हीच विचारा. विचारलं. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, येते की. दाणापाणी सगळ्यांना एकदम घालणार, की मला वेगळं?
वृत्ती आनंदी आहे त्यांची. त्या हसल्या. मालिनी हसली नाही. स्पीकर बंद करून गॅलरीत गेली आणि बराच वेळ आईशी बोलत होती. आवाज येत नव्हता. परत आली तेव्हा नाक लाल. पिसांची ॲलर्जी असू शकते. डॉक्टरला दाखवावं लागेल.

१८ मे
मालिनी आठ दिवसांसाठी कॅम्प पाचला राहायला गेली. आई परवा मोरीत पडल्या. हाड मोडलं नाही, पण दीड तास तिथेच बसून होत्या. शेजारणीला ऐकू आलं नाही, टीव्ही चालू होता. मालिनी सूटकेस भरताना हे सांगत होती. मी म्हणालो, मोठी सूटकेस कशाला, आठ दिवस तर आहेत. ती म्हणाली, हाताला तीच लागली.
जाताना खोलीच्या दारात थांबली. पिल्लं बारा दिवसांची झाली आहेत, पिसं बिस्किटी, दोघींना सोनेरी झाक. तिला दाखवली. म्हणाली, छान आहेत. थोड्या वेळाने म्हणाली, खरंच छान आहेत हो.
तिला आता रस वाटू लागला आहे. धीर धरला की माणसं कळतात.

८ जून, रविवार
मालिनीचा फोन. आठ दिवसांचे एकवीस झाले, आईला सोडवत नसेल. आईच्याच इमारतीत तळमजल्यावर एक खोली-स्वयंपाकघर रिकामं झालं आहे, घेऊ का म्हणाली. म्हणालो, घे, तात्पुरतं चांगलं आहे. ती म्हणाली, तात्पुरतं असं मी म्हटलेलं नाही.
  मग म्हणाली, जेवता ना वेळेवर?
सोनेरी झाकेच्या दोघी लाव्या अंड्यावर येण्याच्या बेतात. हिरव्या रिंगा संपल्या.

२६ जून
अंडी सुरू. पाच. तपकिरी, तपकिरी, तपकिरी, फिकट तपकिरी, तपकिरी. चौथं अंडं खिडकीशी नेऊन शेडकार्डाशी लावून पाहिलं. उजेड ढगाळ होता. त्यात थोडा निळसरपणा असल्याचं नोंदवतो.
ऋताने फोटो मागितला, पाठवला. उत्तर आलं, बाबा, हे तपकिरी आहे. आणि खाली, आईला फोन करा.

२९ जून, रविवार
सकाळी हरिचंद्रचा फोन. जसं बोलला तसं लिहितो, रेकॉर्डसाठी. साहेब, तुमची पाखरा बिघारली. खुरूक कोंबरीखाली पिला काढली, ती बी बिघारली. धा-बारा दिस झालं, अंडी निली परतान.
रिक्षाने कुळगाव. सव्वा दहाला पोचलो. खुराडा रिकामा.
काल सगळी पाखरं हायवेच्या ढाब्यावर दिली, म्हणाला. आजार शेजारच्या कोंबड्यांना लागू नये म्हणून. अंडी कुठे आहेत विचारलं. त्याची बायको जनी भांडी घासत होती, तिने मान वर केली नाही. म्हणाली, निला अंडा कुनी खातंय का. पोरा बोलली, सापाचा हाय. उकिरड्यान टाकली.
किती होती? ती म्हणाली, टोपलीभर आसतील.
उकिरड्याशी गेलो. टरफलं सापडली. तुकडे शर्टाला पुसून उन्हात धरले. आकाशी, किंचित हिरवट झाक, वर तपकिरी शिंतोडे.
हरिचंद्र मागे येऊन उभा राहिला. म्हणाला, साहेब, चांगली होती का तीं? म्हणालो, नाही. बरं केलंस. तो म्हणाला, मना वाटला तुमी रागवाल. चहा घेऊन जावा.
चहा घेतला. साखर जास्त होती.

३० जून
विश्लेषण. हरिचंद्रने पद्धत पाळली नाही. पद्धत पाळली असती तर
उद्या पूर्ण करू.

१ जुलै
पाठ धरली आहे. ट्रे साफ केले नाहीत.

५ जुलै, शनिवार
निर्णय घेतला की मी थांबत नाही. उरलेले सगळे पक्षी कॅम्प पाचच्या त्याच दुकानदाराला परत दिले. त्याने विचारलं, साईं, निळं आलं? म्हणालो, आलं. तो आश्चर्याने बघत राहिला. तोही विश्वास ठेवत नव्हता, असं दिसतं.
दुकानापासून मालिनीची इमारत दोन गल्ल्या पलीकडे. गेलो नाही. अंगाला वास येत होता.
घरी आल्यावर खोली तीनदा फिनाईलने पुसली. भिंतींना चुना दिला. खिडकीच्या जाळीतली पिसं टूथब्रशने काढली. माळ्यावरची खाट उतरवली. संध्याकाळी सहापर्यंत सगळं झालं. सहा महिने जे होत नव्हतं ते सहा तासांत.
मालिनीला फोन केला. सांगितलं, खोली तयार आहे, आईला घेऊन ये, टॅक्सी मी सांगतो.
ती म्हणाली, अहो, आई आता रोज संध्याकाळी गेटपर्यंत चालते. भिंत धरून जाते. गेटपाशी तीन बायका बसतात, त्यांच्यात बसते. दिवाळीनंतर पहिल्यांदा रस्ता बघितला म्हणाली. तिला आता मी हलवणार नाही.
म्हणालो, बरोबर आहे. आणि तू? ती म्हणाली, बँक मला इथून जवळ पडते. मी म्हणालो, तेही बरोबर. तिने पंखा आणि स्वतःचं लोखंडी कपाट टेंपोने पाठवायला सांगितलं. चाव्या देवघरात आहेत. मग म्हणाली, रविवारी जेवायला या. येण्याआधी फोन करा.
फोन करा म्हणजे ती भात जास्तीचा लावेल. पूर्वीपासून नियोजनबद्ध आहे.

१३ जुलै, रविवार, सकाळी ९.३०
गेल्या रविवारी एकादशी होती, म्हणून आज. इस्त्रीचा शर्ट. सासूबाईंसाठी मऊ पेढे घेतले. फोन केला.

दुपारी १.१५
मालिनी म्हणाली, आज नको. आईच्या त्या मैत्रिणी जेवायला येणार आहेत, एका खोलीत किती माणसं मावणार. पुढच्या रविवारी बघू. म्हणालो, काही हरकत नाही, मलाही इथे कामं आहेत.
वरण-भात केला. मागच्या खोलीत जाऊन खाटेवर जरा आडवा झालो. खोली हवेशीर आहे. आवाज अजिबात येत नाही. खाट मध्ये टाकूनही चारी बाजूंनी पुष्कळ जागा उरते.