तांबेऱ्याचं दुसरं घर

नागपूर, १२ जानेवारी १९७१
निवृत्तीनंतर पुन्हा शाळेत नाव घातल्यासारखं वाटतंय. गव्हाच्या रोगांवरच्या या संशोधन केंद्रात काम फक्त सुवाच्य अक्षराचं: रोगट पानांच्या जुन्या पुड्यांवर नव्या चिठ्ठ्या लिहायच्या. राहायला काचघरामागची खोली, दारात दोन संत्र्याची झाडं. प्रमुख मनोहररावांनी माझी ट्रंक स्वतः उचलली. नव्या माणसाला देवीची लस हवीच म्हणाले आणि दंडाऐवजी मनगटावर आपल्या हातानं टोचलं. शेजारच्या खोलीतल्या प्रयागबाईंनाही टोचलं. त्या खापा गावच्या; कुंड्यांतल्या गव्हाला पाणी घालायला आल्यात. माझ्या दारावर खडूनं बेरजेची खूण आहे, त्यांच्या दारावर वजाबाकीची. शिरगणतीवाल्यांनी केली असावी.

१६ जानेवारी
आज मनोहररावांनी माझा वर्ग घेतला. गव्हाच्या पानांवरचा तांबेरा ही बुरशी. ज्वारीची काणी तिची चुलत बहीण. एकाच तांबेऱ्याची पाच रूपं, म्हणून जुन्या अभ्यासकांनी एकाच जीवाला दोन-दोन नावं देऊन ठेवली. अर्धं आयुष्य गव्हावर, अर्धं भलत्याच झाडावर. त्या दुसऱ्या घरी अंगावर गोड थेंब येतात, माशा भुलतात आणि त्याच याचं लग्न लावतात. ऐकताना पाचवीची पोरं एका सुरात पाखरांची कविता म्हणायची ते आठवलं. संध्याकाळभर लॅटिन नावांचे लघु-गुरू मोजत बसलो. एक चक्क भुजंगप्रयातात बसलं!

२२ जानेवारी
एका गठ्ठ्यावर ‘जात निश्चित नाही’ असं आहे. दुसऱ्या झाडाची जागा कोरी. मनोहररावांना विचारलं, तर म्हणाले, सगळी झाडं लावून पाहिली, झाडं संपली. हे बोलताना माझं मनगट बघत होते.
रंगवायची म्हणून खिडकीची जाळी काढून नेली. फक्त माझी आणि प्रयागबाईंची.

२८ जानेवारी
लसीची खपली धरलीच नाही. पिवळ्या ठिपक्यांचं कडं उठलंय, प्रत्येकावर चिकट थेंब. प्रयागबाईंनाही तसंच. त्या हसून म्हणाल्या, “म्हातारपणी गोडी सुटली आपल्याले, गुरुजी. एवढे काहून भेऊन राहिले?”
डॉक्टरकडे जातो म्हटलं, तर मनोहररावांनी नको सांगितलं. लस फुलली आहे, कामठीला लेकीकडेही जाऊ नका, नातवंडांना लागेल. बोलणं प्रेमाचं. पण हातात वही होती, आणि थेंब मोजत होते.

३१ जानेवारी
मनोहरराव जेवायला गेल्यावर तो ‘जात निश्चित नाही’वाला गठ्ठा सोडला. आत त्यांच्याच अक्षरात लिहिलंय: थेंब दोन जातींचे, धन आणि ऋण. एकटी जात वाळून जाते. माशीनं एकीचा थेंब दुसरीवर नेला, तरच पुढचं रूप येतं.
पुड्यांवर बेरीज. पुड्यांवर वजाबाकी.
दारं.
कोऱ्या जागी पेन्सिलीनं एक शब्द: मनुष्य. पुढचं प्रश्नचिन्ह खोडलेलं.

१ फेब्रुवारी
प्रयागबाईंना सगळं सांगितलं. या वेळी हसल्या नाहीत. ठरलं: उद्या सकाळी त्या खाप्याच्या मोटारीनं, मी कामठीच्या. दोघांनी मनगटाला फडकं बांधायचं. इकडची माशी तिकडे जाऊ द्यायची नाही. तेवढं साधलं तर दोघंही वाचू, आपोआप वाळेल.
दोन्ही दारांच्या मध्ये ओसरीवर गुळाचा खडा आहे. कोणी ठेवला?

२ फेब्रुवारी, सकाळ
दाराला बाहेरून कडी. त्यांच्याही. खिडकीत धोतर कोंबलं. बाहेर मनोहरराव खुर्ची टाकून बसलेत — वही उघडी — हाका मारल्या, तर शांत राहा म्हणाले, हालचालीनं माशा उठतात —

फडकं चिकटलं होतं, सोडलं तर थेंब टपोरे झालेत —

भिंतीपलीकडून प्रयागबाईंचा आवाज. “गुरुजी, हात झाका. माह्यावरून एक उठली, वरच्या झरोक्यातून —”

पंचा कुठे — उशाशी होता —

बसली. तिच्या पायांना पिव